चीन, व्हिएतनाम की आपलं इचलकरंजी? 300 पावसाळी जाकिटं बाहेरून शिवून घ्यायची आहेत

वडगावची_लेक
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

घरचे माग. आजोबांचे हातमाग, बाबांचे पॉवरलूम, दोघांच्याही साड्या. मी पुण्यात फॅशन डिझाइन शिकले, सहा वर्षं नोकरी केली आणि आता परत बेळगावला, वडगावात. पावसाळी जाकिटांची छोटी लाइन काढायची आहे. कल्पना इरल्यावरून सुचली. खानापूरकडं भातलावणीला बायका वाकून उभ्या असतात तेव्हा इरलं पाठीवर उताणं पसरतं, पाणी मानेत न शिरता मागून ओघळतं. तसं लांब पाठीचं, पसरट हुडाचं जाकीट. एकच डिझाइन, तीन रंग, सहा साइझ, वट्टात 300 नग. जूनच्या आधी माल हातात हवा.

शिवणीवर आतून टेप चिकटवून सील करणारं मशीन मला इथं मिळालं नाही. म्हणून चीनमधले दोन आणि हो ची मिन्ह सिटीतला एक असे तीन कारखाने गाठलेत. भाव नगाला 1200 रुपयांच्या आसपास, एफओबी, म्हणजे तिकडच्या बंदरात जहाजावर चढेपर्यंत. तिघंही प्रत्येक गोष्टीला "यस यस, नो प्रॉब्लेम" म्हणतात. मला त्याचीच भीती वाटायला लागलीय. कुणी बाहेरून कपडे शिवून घेतलेत का?

कुंदाप्रेमी
पहिला! आता कुंदा आणा.

संकेश्वरी_मिरची
तीन रंगांत एक भगवा ठेव आणि एक लाल-पिवळा ठेव. दोन्हीकडं खपेल. तिसरा रंग पोलिसांसाठी खाकी.

शहापूरचा_माग
बाळ, राग मानू नको. शहापूर, वडगाव, खासबागेत माग भंगाराच्या भावानं निघाले ते मी डोळ्यांनी बघितलंय. आणि विणकराची नात जाकिटं शिवायला व्हिएतनामला निघाली! इचलकरंजी इथून दोन-अडीच तासांवर. तिरुपूर आहे, बळ्ळारीला जीन्सवाले आहेत. इलकलला अजून साडीच्या अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा एकेका दोऱ्याच्या फासात अडकवून जोडतात, कोंडी म्हणतात त्याला. एवढी नजाकत हातात असलेल्या मुलखाला टेप चिकटवता येत नाही?

वडगावची_लेक
काका, राग कशाचा. बाबाही हेच म्हणतात, फक्त जेवताना. पण इचलकरंजीत कापड निघतं ते सुती आणि साधं सिंथेटिक. मला हवंय आतून पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग केलेलं, 10,000 मिलिमीटर पाण्याचा दाब सोसणारं. आणि सुई जिथं जाते तिथं भोक पडतंच, ते टेपनं बुजवलं नाही तर कापड कितीही भारी असो, पाणी शिवणीतून येतं. दक्षिणेत तीन ठिकाणी विचारलं. मशीन आहेत, पण रंगाला हजार नगांच्या खाली बोलायला तयार नाहीत.

भट्टीवाला
ताई, मी कपड्यातला नाही. उद्यमबागेत फौंड्री आहे, कास्टिंग जर्मनीला जातं. म्हणजे तू ज्याला घाबरतेस तो "यस यस, नो प्रॉब्लेम" वाला माणूस मीच. तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं सांगतो.

आमच्याकडं दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. एक फोटो पाठवतो, "असं करून द्या" म्हणतो. त्याला आम्ही होच म्हणतो आणि आम्हाला सोयीचं पडेल तसं करतो. त्यात फसवणूक नसते हं, त्यानं जे सांगितलं नाही ते आम्ही ठरवलं, इतकंच. दुसरा ड्रॉइंग पाठवतो. प्रत्येक मापापुढं टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल ते. मटेरियल कुठल्या ग्रेडचं, कुठल्या पृष्ठभागावर ब्लोहोल (हवेचं भोक) चालेल आणि कुठं अजिबात चालणार नाही. पहिला नग काढून, मोजून, रिपोर्ट पाठवल्याशिवाय पुढचा ओतायचा नाही. या माणसाला आम्ही शिव्या देतो, पण त्याचा माल वेळेवर आणि नीट जातो, कारण वाद घालायला जागाच नसते.

तुझं ड्रॉइंग तयार आहे का? कारखाना आधी की देश आधी हा प्रश्न त्यानंतरचा.

आणि एक गंमत. साचा ज्यावरून पाडतो त्या नमुन्याला आम्हीही पॅटर्नच म्हणतो. बीड थंड होताना आकसतं म्हणून पॅटर्न साधारण एक टक्का मोठा करावा लागतो. तुमच्यातही कापड धुतल्यावर आटतं म्हणून पॅटर्न वाढवतात ना?

वडगावची_लेक
@भट्टीवाला, हो! श्रिंकेज अलाउन्स. पहिल्यांदाच कुणीतरी जाकिटाला कास्टिंग म्हणून बघितलं :) ड्रॉइंगला आम्ही टेकपॅक म्हणतो. माझा टेकपॅक चार पानांचा आहे.

नमुनाकार
चार? अगं, माझ्या हाताखालून गेलेला शेवटचा रेनजॅकेटचा टेकपॅक 22 पानांचा होता. (पुण्यात पॅटर्नमेकर आहे, माहेर अनगोळ.)

छातीचं माप लिहिलंस तर कुठून मोजायचं तेही लिही. काखेच्या खाली एक इंचावर की थेट काखेत, यात दीड सेंटिमीटर सहज हलतो. फरक किती चालेल तेही मापागणिक लिही, छातीला अधिक-उणे एक सेंटिमीटर चालतो, कॉलरला चालत नाही. इंचाला किती टाके, टेप किती मिलिमीटर रुंद, चेन कुठल्या नंबरची, चेनचं टोक कॉलरमध्ये दुमडून कसं संपतं (हनुवटीला टोचतं ते हेच), टांगायचा लूप कुठं, पिशवीत घडी कशी. जे लिहिणार नाहीस ते सगळ्यात स्वस्त पडेल तसं होईल. भट्टीवाले म्हणतात ते शंभर टक्के खरं.

साइझचं वेगळं. त्यांचा "एल" आपल्या "एम"ला काखेत धरतो. त्यांचा साइझ चार्ट घेऊ नकोस, तुझाच दे. कागदी पॅटर्नची डिजिटल फाइल तुझ्या नावावर आणि तुझ्याकडं हवी. नाहीतर कारखाना बदलायची वेळ आली की पुन्हा पहिल्यापासून.

संकेश्वरी_मिरची
22 पानं? आमच्या सात-बाऱ्यावर बारा भाऊबंद आहेत, तरी एवढी पानं नाहीत.

ढाकारिटर्न
निपाणीचा. बांगलादेशात आठ वर्षं गारमेंट क्वालिटीत काढली, आता घरी बसून तंबाखूचे भाव बघतो. कुणीतरी "ढाक्याला जा, ड्युटी शून्य" म्हणायच्या आत लिहितो.

साफ्टाखाली (दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार) 2011 पासून तिथल्या कपड्यांना इकडं ड्युटी नाही हे खरं. पण 300 नगांसाठी ढाका नव्हे. तिथं एका लाइनवर साठ-सत्तर माणसं बसतात, तुझी ऑर्डर दुपारच्या जेवणाच्या आत संपेल. लाइन बसवायचा खर्च कोण देणार? शिवाय 17 मे 2025 पासून तिथले तयार कपडे फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातूनच आत येतात, जमिनीवरचे नाके बंद. तेव्हा ट्रकनं स्वस्तात आणू हे विसर.

नमुन्यांचं सांगतो, सगळ्यात जास्त पैसे इथं बुडतात. पहिला नमुना म्हणजे प्रोटो, नुसतं डिझाइन बघायला. तो कारखान्याचा सगळ्यात चांगला कारागीर शिवतो, हाताशी असलेल्या कापडात. तो बघून भाळू नको. मग फिट (अंगावर बसतो का ते बघायला), मग साइझ सेट (सगळ्या साइझचा), मग प्री-प्रॉडक्शन, म्हणजे खऱ्या कापडात, खऱ्या चेनीसह, खऱ्या लाइनवर शिवलेला. तो मंजूर केलास की सही करून एक तुझ्याकडं, एक त्यांच्याकडं. भांडण झालं तर बोट ठेवायला तेवढीच वस्तू असते. लोक प्रोटो बघून आगाऊ पैसे भरतात आणि माल आल्यावर म्हणतात, "नमुना तर झकास होता!"

माल निघायच्या आधी तिसऱ्याच कंपनीकडून तपासणी करून घे. 300 नगांच्या लॉटला साधारण 50 नग उघडतात. एक्यूएल (किती दोष चालतील याची ठरलेली पट्टी) 2.5 लावला तर मोठे दोष तीन सापडले तर पास, चार सापडले तर नापास. उरलेले 70 टक्के पैसे त्या रिपोर्टनंतर. तपासणी करणाऱ्याला सांग, ते नग वेगवेगळ्या खोक्यांतून स्वतः निवडायचे, त्यांनी पुढं करून ठेवलेले नव्हेत.

कुंदाप्रेमी
300 मध्ये तीन फाटके चालतात? आमच्या लग्नात एकच फाटका आला होता, तोही मामा.

शहापूरचा_माग
@ढाकारिटर्न, तुम्ही तिकडं होतात तर ती इमारत पडली तेव्हा...?

ढाकारिटर्न
होतो. आशुलियात. सावार तिथून लांब नाही.

24 एप्रिल 2013, राणा प्लाझा. 1,134 माणसं गेली. आदल्या दिवशी भेगा पडलेल्या दिसल्या होत्या, खालची बँक आणि दुकानं बंद झाली होती, तरी शिवणाऱ्यांना सकाळी आत घेतलं. पुढचे कित्येक दिवस आमच्या ऑफिसात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. ढिगाऱ्यात युरोप-अमेरिकेतल्या ब्रँडची लेबलं निघाली आणि त्यांतले काही म्हणाले, आमचा माल तिथं होता हे आम्हाला माहीतच नव्हतं. खोटं बोलत होते असंही नाही. एका कारखान्यानं ऑर्डर घ्यायची, गळ्यापर्यंत आलं की निम्मी दुसऱ्याला द्यायची, हे रोजचं होतं.

ताई, म्हणून करारात एक ओळ घाल: लेखी विचारल्याशिवाय काम बाहेर द्यायचं नाही. आणि तपासणीवाल्याला माल पॅक होतो तिथं न पाठवता शिवण चालू असते तिथं एकदा पाठव.

वडगावची_लेक
हे लिहिल्याबद्दल धन्यवाद, काका. शिवण चालू असतानाची तपासणी माझ्या डोक्यातच नव्हती.

टिळकवाडीचा_हिशेबनीस
आता कडू औषध. 1200 एफओबी म्हणजे 1200 नव्हे.

भाडं-विमा धरून 1300 समज. तयार कपड्यांच्या बहुतेक ओळींवर बेसिक ड्युटी 20 टक्के, म्हणजे 260. त्या 260 वर 10 टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, 26. झाले 1586. त्यावर 5 टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), 79. वट्टात 1665, आणि यात क्लिअरिंग एजंट, बंदरावरची हमाली, न्हावा शेव्यापासून बेळगावपर्यंतचा ट्रक धरलेला नाही. तुझा माल जेमतेम दीड घनमीटर, दुसऱ्यांच्या मालाबरोबर कंटेनरमध्ये येणार. तिथं जहाजभाडं किरकोळ दिसतं आणि इकडं उतरवण्याचे चार्जेस त्याच्या वर जातात. ते आधी लेखी मागून घे. आयजीएसटी परत मिळतो, पण तू कंपोझिशनमध्ये (लहान व्यापाऱ्यांची ठोक जीएसटीची योजना) गेलीस तर नाही.

कस्टमचा कोड नीट ठरव. कोटिंग केलेल्या कापडाचं जाकीट 6210 मध्ये जातं, साधं विंडचीटर 6201 किंवा 6202 मध्ये. कापड 5903 चं, म्हणजे प्लास्टिकचं कोटिंग असलेलं, धरायचं तर कोटिंग नुसत्या डोळ्यांना दिसावं लागतं. कस्टमचा माणूस खरोखरच कापड उजेडाकडं धरून बघतो.

व्हिएतनाम भारत-आसियान व्यापार करारात आहे. तुझ्या कोडला सवलत बसत असेल तर "फॉर्म एआय" हे मूळ-देशाचं प्रमाणपत्र माल निघतानाच काढून घे. पण कापड चीनचं आणि शिवण व्हिएतनामची असेल तर 35 टक्के मूल्यवर्धनाचा हिशेब द्यावा लागतो, आणि 2020 च्या नियमांपासून तो सिद्ध करायची जबाबदारी आयातदाराची, म्हणजे तुझी. रंगात बंदी असलेले ॲझो डाय नाहीत याचा लॅब रिपोर्टही तिकडूनच आण, नाहीतर इथं नमुना काढून तपासायला पाठवतात आणि गोदामभाडं चालू राहतं.

संकेश्वरी_मिरची
माल सीमेवर अडकला तर घाबरू नको. आम्ही 1956 पासून अडकलोय.

खडेबाजार
संकेश्वरी 😂

मी रेडिमेडवाला. हिशेबनिसांनी खरेदीचं सांगितलं, मी विक्रीचं सांगतो. सप्टेंबर 2025 पासून कपड्याला 2500 पर्यंत 5 टक्के जीएसटी, त्याच्या वर 18. म्हणजे 2500 ला लावलंस तर गिऱ्हाइकाच्या हातात 2625 ला पडतं. शंभर रुपये वाढवून 2600 केलंस तर 3068. शंभरासाठी 443! तेव्हा 2500 हीच तुझी कमाल मर्यादा धर.

आता माझ्यासारख्या दुकानात ठेवायचं म्हणशील तर मला रुपयात 40 पैसे लागतात. भाडं, पोरं, उधारी, न खपलेला माल. म्हणजे तुला 1500 मिळणार. आणि तुला पडलं किती? 1665, आयजीएसटी वजा करून 1586. नगामागं 86 रुपये पदरचे घालून तू मला जाकीट देणार. मी घेईन की, मला काय!

वडगावची_लेक
...हा हिशेब मी केला होता पण दुकानाचा वाटा 25 टक्के धरून.

खडेबाजार
25 टक्क्यांत माझा मेव्हणा पण ठेवून घेणार नाही.

शहापूरचा_माग
बघ! मी काय म्हणत होतो?

नमुनाकार
काका, तसं नाही. इथंही 300 नग शिवले तर नगाला फार कमी पडणार नाही, मुळात संख्याच लहान आहे. तिनं दुकानात न ठेवता थेट विकावं, पहिलं वर्ष तरी. आणि एकच रंग करावा. तीन रंग म्हणजे रंगाला शंभर, साइझला सरासरी सतरा. खास रंगात कापड रंगवायला गिरणी किमान मीटर मागते. गिरणीकडं रंगवून तयार असलेल्या कापडातला एक रंग घेतला तर भावही उतरेल आणि लॅब-डिपचे (रंगाचा तुकडा मंजूर करण्याचे) दोन आठवडे वाचतील.

शहापूरचा_माग
रंगाचं मात्र पटलं. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात कधी जुळलाय? आमच्या सुताचं तेच. दोऱ्याचा आणि टेपचा रंग पण दारात नेऊन बघ.

भट्टीवाला
करारात उशिराला दंड घाल. आठवड्याला एक टक्का. आम्हाला सगळे लावतात.

नमुनाकार
नाही पटलं. तुमचं गिऱ्हाईक वर्षाला टनांनी माल उचलतं म्हणून तुम्ही दंड सोसता. 300 नगांच्या बाईचा दंड कोण भरणार? ते हो म्हणतील आणि तिची ऑर्डर सगळ्यात शेवटी लाइनवर घेतील. त्यापेक्षा नमुन्यांना चोवीस तासांत उत्तर द्यावं, पैसे ठरल्या दिवशी पाठवावेत. लहान गिऱ्हाइकाच्या हातात तेवढीच ताकद असते.

भट्टीवाला
बरोबर. मागं घेतो. दंड लावणाऱ्या लहान गिऱ्हाइकांचं आम्ही काय करतो ते इथं लिहीत नाही.

पण पैशाचं एक. आमच्या ओळखीच्या एकांना ऐन वेळी सप्लायरचा मेल आला, "ऑडिट चालू आहे, या नव्या खात्यात पाठवा." नाव तेच, सही तीच, मेलच्या पत्त्यात एक अक्षर जास्त. पैसे गेले ते गेलेच. खातं बदललं म्हणून कुणी सांगितलं तर आधी व्हिडिओ कॉल, ओळखीच्या चेहऱ्याशी.

ढाकारिटर्न
आणि चीन घेणार असशील तर कॅलेंडर बघ. त्यांचं नववर्ष 17 फेब्रुवारी 2026 ला आहे. आठवडाभर आधीपासून कारखाने रिकामे व्हायला लागतात, नंतर सगळे कारागीर परत येतातच असं नाही. प्री-प्रॉडक्शन नमुना जानेवारीत मंजूर झाला नाही तर मार्च उजाडला. मग शिवण दीड-दोन महिने, जहाज तीन आठवडे, कस्टम. तुझं जाकीट गणपतीत येईल.

कुंदाप्रेमी
गणपतीत पण पाऊस असतोच की. विसर्जनाला घालू.

खडेबाजार
एक राहिलं. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, एमआरपी छापावं लागतं. पत्त्यात बेळगाव लिहिणार की बेळगावी? :D

टिळकवाडीचा_हिशेबनीस
आयईसीवर (आयात-निर्यात कोड) जे आहे ते. इथं वाद सुरू केलात तर धागा पाचशे प्रतिसादांवर जाईल. (आयईसी काढलाय ना? डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालय) साइटवर, पाचशे रुपये.)

कणकुंबीकर
सगळं वाचलं. एवढे हुशार लोक, पण जाकीट पाण्यात घालून कोण बघणार? 10,000 मिलिमीटर बिलिमीटर लॅबमधलं. आमच्याकडं जुलैत चोर्ल्यातून गाडीवर यायचं म्हणजे पाऊस वरून पडत नाही, समोरून येतो. मांडीत तळं साचतं आणि ते जाकिटाच्या खालून वर चढतं. इरलं गाडीवर कुणी घालत नाही ताई, ते वाकलेल्या माणसासाठी असतं. कानडीत गोरबु म्हणतात, आमच्या आजीकडं अजून एक आहे, हवं तर बघायला ये. पण गाडीवर बसून बघ आधी.

वडगावची_लेक
@कणकुंबीकर, हे मात्र मनाला लागलं. लांब पाठ बसल्यावर सीटवर गोळा होते का हे मी बघितलंच नाही. पुतळ्यावर बघितलं, पुतळा उभा असतो.

---

वडगावची_लेक
(दीड महिन्यानंतर)

खबर देते. टेकपॅक 19 पानांचा झाला. तोच तिन्ही कारखान्यांना पाठवला. एकाचं उत्तरच आलं नाही. दुसऱ्यानं लगेच भाव 15 टक्क्यांनी वाढवला. तिसऱ्यानं, व्हिएतनामच्यांनी, 31 प्रश्न विचारले. त्यातला एक, "बसल्यावर मागच्या घडीला बटण हवं का?" मी त्यांनाच निवडलं. भट्टीवाले, तुम्ही शिव्या देता तसे तेही देत असतील.

रंग एकच, ओल्या जांभ्या दगडाचा, गिरणीत तयार असलेला. दुकानं या वर्षी नाहीत (खडेबाजार, माफ करा). शाळेचं दप्तर झाकायचं कव्हर मात्र आमच्याच गल्लीत शिवून घेणार आहे, त्याला टेप लागत नाही. शहापूरच्या काकांनी स्वतः दोन शिवणाऱ्या गाठून दिल्या.

दुसरा नमुना परवा आला. आत्ता पाऊस कुठला, म्हणून कणकुंबीला गेले. कणकुंबीकर जाकीट घालून बंद गाडीवर बसले, त्यांच्या भावानं विहिरीवरची मोटर चालू करून समोरून पाइप धरला. वीस मिनिटं. अख्खं गाव बघायला.

संकेश्वरी_मिरची
व्हिडिओ कुठाय???

कणकुंबीकर
व्हिडिओ मिळणार नाही. मान कोरडी, पाठ कोरडी, मांडी बरीचशी कोरडी. डावा खिसा भरला. त्यात माझा मोबाइल होता.

ढाकारिटर्न
खिशाच्या शिवणीला टेप आहे का? आणि खाली पाणी जायला भोक?

वडगावची_लेक
कारखान्याला तेच विचारलं. म्हणाले, टेकपॅकमध्ये खिशाच्या आतल्या पिशवीच्या टेपबद्दल काही लिहिलेलं नाही. खरंच नव्हतं. आता पान 14 वर आहे, भोकासकट.

कणकुंबीकर
आणि माझा मोबाइल कुठल्या पानावर आहे?